गाडी लावायची कुठे? गेवराईत!

फूड ट्रकचं स्वप्न पडतं हिंजवडीत आणि बीकेसीत. पण गाडी नेमकी कुठे, कधी आणि कुणासाठी उभी करायची, हे शिकायचं असेल तर बीड जिल्ह्यातल्या या तालुक्यात दोन दिवस काढाच.

‘यार, फूड ट्रक काढायचाय’ हे वाक्य तुमच्या ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये महिन्यातून एकदा तरी ऐकू येत असणार. अप्रेझलचं पत्र हातात पडलं की हमखास. मग मेनू ठरतो. नाव ठरतं, त्यात कोटी हवीच. लोगो ठरतो, गाडीचा रंग ठरतो, इन्स्टाचं पेज तर गाडीच्या आधीच सुरू होतं. कुणीतरी विचारतं, ‘पण गाडी लावणार कुठे?’ आणि टेबल गप्प होतं. मेनू आपल्या हातात असतो, जागा नसते ना.

वडापावचंच बघा. अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर तो विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. बटाटेवडा आधीही होता, पावही होता. नवी होती ती जागा. गिरणीची पाळी सुटलेला, लोकल पकडायला निघालेला, बसून खायला वेळ नसलेला माणूस तिथून जात होता. त्याच्या एका हातात मावेल असं काहीतरी त्याला हवं होतं. तोच वडापाव एखाद्या निवांत बागेसमोर लावला असता तर? असो.

आमच्या ग्रुपमधला एक जण मात्र त्या गप्प टेबलाच्या पुढे गेला. मूळचा गेवराई तालुक्यातला, बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. त्यानं सेकंडहॅण्ड छोटा हत्ती घेतला, मागे पत्र्याची बॉडी चढवली, शेगडी बसवली. पुण्यात दोन महिने वणवण केली. फूटपाथला लावावी तर अतिक्रमणवाले येतात. सोसायटीच्या गेटसमोर सेक्रेटरी येतो. आणि वीकएण्डच्या झगमगीत फूड फेस्टिव्हलमध्ये दोन दिवसांच्या स्टॉलचं भाडं ऐकून त्याला आपला जुना पगार आठवला. शेवटी तो म्हणाला, गाडी गावाकडे नेतो. बायकोनं त्याला एक वर्ष दिलंय. वर्षभर घराचा हप्ता तिच्या पगारातून जाईल, त्यानंतर बघू. म्हणजे प्रकरण टाइमपास नव्हतं. आम्ही दोघं-तिघं त्याच्यासोबत जागा बघायला निघालो.

नगर (आताचं अहिल्यानगर) आणि पाथर्डीमार्गे मराठवाड्यात उतरलं की हवेतला कोरडेपणा जाणवतो आणि मग अचानक हिरवागार ऊस लागतो. हा ऊस पावसाचा नाही, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचा. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, तिच्या पलीकडे जालना जिल्ह्यातलं शहागड. गेवराई गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, पूर्वीचा २११, आताचा ५२. बीड तीसेक किलोमीटरवर. रेल्वे? बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाला आत्ता कुठे शिट्टी ऐकू आली, गेवराईला अजून नाही. इथे जे काही येतं-जातं ते रस्त्यानं. चाकांवरच्या धंद्याला यापेक्षा चांगली बातमी कुठली?

पण थांबा. रस्ता आहे म्हणजे गिऱ्हाईक आहे, असं नसतं. महामार्ग चौपदरी झाला आणि लांबच्या गाड्या बायपासनं गावाबाहेरून जायला लागल्या. पूर्वी संभाजीनगरहून सोलापूरला जाणारा प्रत्येक ट्रक, प्रत्येक एसटी गावातून जायची. चहाच्या टपऱ्या, भज्यांच्या कढया, रसवंत्या त्या वर्दळीवर उभ्या होत्या. आता वर्दळीचे दोन भाग झालेत. बायपासवर शंभरच्या स्पीडनं जाणारे अनोळखी लोक आणि जुन्या रस्त्यावर तालुक्याला कामाला आलेले ओळखीचे लोक. तहसील, पंचायत समिती, बॅंक, दवाखाना, अट्टल कॉलेजची पोरं. मित्राला बायपास आवडला होता. तिथे गाड्या मोजल्या की डोळे दिपतात.

आम्ही अर्धा दिवस बायपासच्या कडेला उभे राहिलो आणि गाड्या नाही, ब्रेक मोजले. हा फंडा लक्षात ठेवा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर तुमचं अर्धं गिऱ्हाईक जन्मतःच पलीकडे असतं. ते तुमच्याकडे बघतं, पण वळून येत नाही. उरलेल्या अर्ध्याला तुम्ही दिसेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. थांबतात कोण? ज्यांना ट्रक लावायला ऐसपैस जागा, हात-तोंड धुवायला पाणी आणि खाटेवर पाठ टेकायची सोय हवी ते ड्रायव्हर. ते धाब्यावर थांबतात, छोट्या हत्तीजवळ नाही. शिवाय महामार्गाच्या कडेला गाडी लावणं बेकायदा आणि रात्री तर जिवाशी खेळ. बायपास बाद.

फाट्यावरचं गणित

मग गढी. गेवराईहून बीडकडे जाताना लागणारा हा फाटा. कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग इथून माजलगावकडे, पुढे परभणी-नांदेडकडे जातो. फाटा म्हणजे काय चीज आहे, हे शहरात राहून कळत नाही. फाट्यावर माणूस उतरतो आणि दुसऱ्या गाडीची वाट बघतो. वाट बघणारा माणूस हे खाण्याच्या धंद्यातलं सर्वांत सुंदर गिऱ्हाईक. त्याला भूक नसली तरी हात रिकामे असतात. पण त्याची एक नजर रस्त्यावर असते, त्यामुळे त्याला ताट नको, कागदात बांधलेलं काहीतरी हवं. भजी, वडा, भेळभत्ता. मित्राच्या मेनूत चीझ घातलेले तीन प्रकार होते, बनवायला प्रत्येकी आठ मिनिटं. आठ मिनिटांत जीप भरून निघून जाते! फाट्यावर तव्यावरचं नाही, कढईतलं चालतं.

गढीलाच जयभवानी सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात कुठल्याही कारखान्याच्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर, ट्रक नंबर लावून उभे असतात. काट्यावर वजन होईपर्यंत ड्रायव्हर तिथेच अडकलेला. कधी दोन तास, कधी रात्रभर. पहाटे तीनला गरम चहा आणि पावासोबत अंडा बुर्जी देणारा माणूस त्याला देवासारखा वाटतो. मित्राच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक दिसली ती इथे. रात्रपाळीची सवय त्याला होतीच, अमेरिकन क्लायंटची कृपा.

फक्त एक गोष्ट त्याला घरच्यांनी सांगितली, ती आम्हा पुणेकरांना सुचली नसती. कारखान्याच्या गेटवर गर्दी दिसते ती ड्रायव्हरांची, ऊसतोड मजुरांची नव्हे. तोडणीवाले फडात असतात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. बाई पहाटे अंधारात उठून भाकरी थापते, मग फडात जाते. ती वडापाव विकत घेणार नाही. तिच्या भरवशावर मेनू आखू नका.

आणि गेवराईतल्या कुठल्याही धंद्याचं कॅलेंडर हेच मजूर ठरवतात. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुलपं. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या आडगावात गाडी लावाल तर माशा माराल. तेव्हा तालुक्याचं ठिकाण आणि कापूस गाठायचा. जिनिंगच्या आणि खरेदी केंद्राच्या बाहेर कापसाच्या गाड्या रांगेत असतात, पुन्हा तेच वाट बघणारं गिऱ्हाईक. पाडव्याच्या आगेमागे तोडणीवाले परत येतात. घर उघडतं, उचल फिटून थोडेफार पैसे उरले असतील तर हातात असतात, लग्नं निघतात आणि चैत्रातल्या जत्रा भरतात. वर्षाची कमाई इथे चैत्र-वैशाखात.

जत्रेला तीन पाळ्या

जत्रा हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर एकच मोठी गर्दी येते. जत्रेत वाढलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की तिथे तीन वेगवेगळ्या गर्द्या असतात आणि त्या एकमेकींना भेटतसुद्धा नाहीत. दुपारी बायका-पोरं. दर्शन, बांगड्या, खेळणी, पाळणा. त्यांना गोड लागतं: गोडीशेव, रेवड्या, जिलेबी, बर्फाचा गोळा, उसाचा रस. पोरगं रडलं की पाच मिनिटांत काहीतरी हातात पडलं पाहिजे, म्हणून गाडी खेळण्यांच्या ओळीला लागून. दिवस कलला की कुस्त्यांचा फड. इथे फक्त बाप्ये. शेवटची मानाची कुस्ती होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही आणि ती झाली की सगळे एकदम उठतात. त्या पंधरा मिनिटांत जो विकला तो विकला. तेव्हा गाडीचं तोंड फडाच्या बाहेर पडायच्या वाटेकडे हवं, आत शिरायच्या वाटेवर कुणीच खात नाही. आणि तमाशा असेल तर तिसरी पाळी मध्यरात्रीनंतर. तेव्हा झणझणीत मिसळ, बुर्जी आणि चहा, चहा, चहा.

एकच गाडी, तीन जागा, तीन मेनू. चाकं असण्याचा खरा फायदा हाच. हातगाडीवाल्याला सकाळी मिळाली ती जागा दिवसभर. तुम्ही हलू शकता. पुण्यातले आपले फूड ट्रक मात्र एकदा सीरियल बल्ब लावून उभे राहिले की चाकं असल्याचं विसरूनच जातात.

मग जत्रा कधी, कुठे, हे कळणार कसं? ॲप नाही बॉस! पण एक गंमत सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन आपल्या जत्रेची तारीख सांगून सुपारी देतात. म्हणजे एखादा माणूस तिथे वही घेऊन बसला तर त्या पट्ट्यातलं मोठ्या गावांचं अख्खं इव्हेण्ट कॅलेंडर त्याच्या हातात. मराठवाड्यात इतकं सोपं नाही, इथे पाळणेवाल्यांना गाठायचं. मोठा पाळणेवाला सहसा छोट्या जत्रेला जात नाही, त्याचा नुसता वाहतुकीचा खर्च बघा. तो जिथे जातो तिथे गर्दी असतेच. आणि मोठ्या यात्रा माहीतच हव्यात. याच महामार्गावर येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा, दुसऱ्या दिवशी चुनखडी वेचायला उसळणारा जनसागर. पैठणला नाथषष्ठी. मढीला होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा, जिथे गाढवांचा बाजार भरतो.

मढीचं नाव निघालं म्हणून सांगतो. जागा ही फक्त वर्दळीची गोष्ट नसते, ती कोण देतो याचीही असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं यात्रेत मुस्लिम विक्रेत्यांना दुकानं लावू देऊ नयेत असा ठराव केला. प्रशासनानं तो ग्राह्य धरला नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या यात्रा फिरून पोट भरणाऱ्या माणसाचं वर्षाचं गणित एका बैठकीत मोडू शकतं, हे त्या बातमीनं दाखवलं. आपण ऑफिसातून एक्सेल शीटमध्ये ‘लोकेशन रिस्क’ असा कॉलम करतो, त्यात हे बसत नाही.

शनिवारी अंडं नको

दुसऱ्या दिवशी आम्ही राक्षसभुवनला गेलो. गोदावरीच्या काठचं हे गाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा इथे पराभव केला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत पडला. तेव्हाच्या लष्करामागे बुणग्यांचा अख्खा बाजार चालायचा. धान्य, भट्टी, हलवाई, सगळं बैलांवर. म्हटलं तर महाराष्ट्रातले जुने फूड ट्रक तेच.

आज गावाला गर्दी होते ती शनीसाठी. राज्यातल्या साडेतीन शनिपीठांमध्ये राक्षसभुवन मोजतात. शनिवारी वर्दळ, आणि अमावास्या शनिवारी आली की विचारायलाच नको. मित्राच्या डोक्यात बुर्जी होती, गढीला ठरलेली. पण शनिवारी दर्शनाला आलेला माणूस बहुतेक वेळा उपाशी असतो आणि अंड्याच्या वासाच्या गाडीजवळ फिरकतही नाही. साबुदाणा खिचडी, साबुदाणा वडा, शेंगदाण्याचा लाडू, केळी. आणि हे सगळं उपवासाचं वेगळ्या तेलात, वेगळ्या कढईत. बायका विचारतात, आणि तुमच्या तोंडाकडे बघून खरं-खोटं ओळखतात. हाच मेनू तलवाड्याला त्वरितादेवीच्या नवरात्रात नऊ दिवस चालेल. म्हणजे आठवड्याला दोन कढया धुवायचं काम वाढलं, पण दोन हंगाम मिळाले.

नदीकाठच्या जागेला नदीचं भान हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून सोडलेल्या पाण्यानं गोदाकाठच्या गावांना वेढा पडला, लोकांना हलवावं लागलं. श्रावण-भाद्रपदात घाटाच्या पायरीशी गाडी लावायची हौस नको.

आता सर्वांत मोठा चकवा. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. गोदावरीपल्याड अंतरवाली सराटीला १४ ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाची सभा झाली. अशा सभेला लोक घरून भाकरी बांधून निघतात आणि वाटेवरची गावं पाणी, नाश्ता पुढे करतात. ऑगस्ट २०२५ अखेर मुंबईत आझाद मैदानावर आंदोलन झालं तेव्हा तर गावाकडून भाकरी, ठेचा, लोणचं भरलेल्या गाड्या मुंबईला गेल्या. त्या गाड्यांना फूड ट्रक कुणी म्हटलं नाही, पण अन्न वेळेवर, योग्य जागी पोचवण्यात त्या आपल्यापेक्षा हुशार निघाल्या. तीच गोष्ट वारीची. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताईंची पालखी जालना, गेवराई, बीड करत पंढरपूरला जाते. वारकऱ्याला वाटेत गाव जेवू घालतं. तिथे पैसे घेऊन पोहे विकणारा माणूस वाईट दिसतो, आणि त्याच गावात त्याला वर्षभर धंदा करायचा असतो. भगवानगडाच्या नारळी सप्ताहातही महाप्रसादाची पंगत असतेच. अशा ठिकाणी जेवण विकायला जाऊ नये. पंगत उठल्यावर कुल्फी आणि पान मात्र खपतं.

मित्रानं वारीसाठी वेगळंच ठरवलं. पालखीच्या दिवशी गाडी लावायची, चहा फुकट द्यायचा आणि गाडीवर नाव ठळक ठेवायचं. ‘मार्केटिंग बजेट’ म्हणाला. त्याच्या आईला हा शब्द आवडला नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो. गाडीची बॉडी बदलली की आरटीओची मंजुरी लागते, नाहीतर इन्शुरन्सला अर्थ नाही. अन्नपदार्थ विकायचे म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक, घरचा लाल आणून चालत नाही. गेवराई नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा तुमच्या बाजूनं आहे. त्यातल्या नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. नाव सर्वेक्षणात लावून घ्या. तेच नाव पीएम स्वनिधीच्या कर्जालाही उपयोगी पडतं. २०२० मध्ये पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, ऑगस्ट २०२५ च्या फेररचनेनंतर ते १५ हजार झालं. खेड्यात मात्र ग्रामपंचायत आणि यात्रा कमिटी. आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव होतो, ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरतो. पावती घ्याच, फाडून टाकू नका. पुढच्या वर्षी ‘ही जागा माझी’ म्हणायला तोच एक कागद असतो. आणि शेजारच्या भेळवाल्याशी भांडू नका. तुमचं पाणी संपेल तेव्हा त्याच्याकडेच घागर मागायची आहे.

शेवटच्या संध्याकाळी मित्राच्या ओसरीवर वही उघडली. चीझवाले तिन्ही प्रकार त्यानं खोडले. सोमवार ते शुक्रवार सकाळी जुन्या रस्त्यावर, कॉलेज आणि तहसीलच्या मध्ये, सुशीला आणि पोहे. शनिवारी राक्षसभुवन, वेगळी कढई. हंगाम सुरू झाला की रात्री गढी. चैत्रातल्या जत्रांची पानं कोरी ठेवली, पाळणेवाल्याचा नंबर मिळाला की भरायची. बायकोनं पुण्याहून फोनवर एकच प्रश्न विचारला, रात्री गढीला उभा राहणार तर सकाळी पोहे कोण करणार? आई आतून म्हणाली, मी. त्यावर अजून दोघींचं बोलणं चालू होतं, आम्ही साडेनवाची पुण्याची गाडी धरायला निघालो.